मुखदुर्बळ वाचकांचा इतिहास

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांनी तिचा कित्ता गिरवला. तेव्हापासून वक्ता हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा नायक आहे. त्याची चरित्रे झाली, गौरवग्रंथ झाले, भाषणांचे संग्रह निघाले. परंतु प्रत्येक व्याख्यानाला आणखी एक मनुष्य हजर असतो. तो मागच्या बाकावर बसतो, प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करीत नाही, आभारप्रदर्शन संपण्याआधी उठतो, आणि वक्त्याने नाव घेतलेले पुस्तक कोठून तरी मिळवून वाचून काढतो. त्याला आपण घुमा म्हणतो, एकलकोंडा म्हणतो. घरची माणसे पुस्तकी किडा म्हणतात. 'बोलेल त्याची बोरे खपतात' अशी आपल्याकडे रीत. तेव्हा जो बोलत नाही त्याच्या टोपलीत काही असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

या माणसाचा थोडा इतिहास सांगावा असा आज विचार आहे. प्रश्न अगदी साधा आहे. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही, तो आपल्याला आवडलेले पुस्तक दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो कसा? पोहोचवावे ही इच्छा त्याला असतेच. चांगले पुस्तक वाचून झाल्यावर ते एकट्याने जिरवणे फार कठीण जाते. बोलका मनुष्य चहाच्या दुकानात उभ्या उभ्या त्याची गोष्ट सांगून मोकळा होतो. मुखदुर्बळाने काय करावे?

कामगार चळवळीत काम करणाऱ्याला हा प्रश्न वारंवार भेटतो, कारण आमचा सारा कारभार सभेचा. सभेत जो बोलला तो मोजला जातो. जो बोलला नाही त्याचे मत गृहीत धरले जाते. म्हणून उदाहरणेही मी कामगारांच्याच इतिहासातून घेणार आहे. पहिले क्यूबाचे, दुसरे दक्षिण वेल्सचे आणि तिसरे आपल्या मुंबईचे.

क्यूबाची राजधानी हवाना ही सिगारसाठी प्रसिद्ध. सिगार वळण्याचे काम हाताचे आहे. कामगार रांगेने बसतात, तंबाखूची पाने पात्याने कापतात आणि वळतात. गिरणीसारखा यंत्रांचा खडखडाट तेथे नाही. हात गुंतलेले असतात पण कान मोकळे असतात. १८६५ सालच्या डिसेंबरात 'एल फिगारो' नावाच्या कारखान्यातील कामगारांनी असे ठरवले, की आपल्यापैकी एकाने काम बाजूला ठेवून मोठ्याने पुस्तक वाचावे आणि त्याची बुडालेली मजुरी इतरांनी वर्गणी काढून भरून द्यावी. पुढच्याच महिन्यात 'पार्तागास' या मोठ्या कारखान्यात हीच प्रथा सुरू झाली. सातुर्निनो मार्तिनेझ नावाचा एक तंबाखू कामगार 'ला आउरोरा' हे पत्र चालवीत असे. त्याने या वाचनाचा प्रचार केला. स्पॅनिश सरकारला यातील धोका समजायला वेळ लागला नाही. १८६६ च्या मे महिन्यात, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांत, कारखान्यातील वाचनावर बंदी आली.

बंदी कायम टिकली नाही. प्रथा पुन्हा उगवली आणि स्थलांतर करणाऱ्या कामगारांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात टँपा शहरी पोहोचली. वाचक उंच चौथऱ्यावर बसे. सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी असा साधारण क्रम. कोणती कादंबरी वाचायची हे कामगार मतदानाने ठरवीत. आवडले की हातातील पाते फळीवर आपटून दाद देत. ड्यूमाच्या कादंबरीवर हे श्रोते इतके खूष होते, की 'मॉन्टेक्रिस्टो' या १९३५ साली निघालेल्या सिगारला नाव तीवरूनच मिळाले असे सांगतात. टँपातील मालकांनी १९३१ साली वाचकाला कारखान्याबाहेर काढले. कामगारांनी संप केला, परंतु वाचक परत आला नाही. त्याच्या जागी रेडिओ आला. क्यूबात मात्र ही प्रथा आजही जिवंत आहे.

या प्रथेविषयी मला नितांत आदर आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तिने साहित्याच्या पंगतीला बसवले. शिवाय बोलता न येणाऱ्या कामगाराला तिने एक मत दिले आणि दाद देण्यासाठी एक पाते दिले, हे काही थोडे नव्हे. परंतु मर्यादाही ध्यानात घ्यावी. पुस्तक एकच आणि कान शेकडो. जे बहुमताला आवडेल तेच वाचले जाणार. शंभरांत एकालाच आवडणारे असे पुस्तक असते, आणि तो एक मनुष्य बहुधा रांगेच्या टोकाला गप्प बसलेला असतो. त्याचे पुस्तक चौथऱ्यावर कधीच चढत नाही. ते दुसऱ्या एखाद्या तशाच माणसाला मिळायचे असेल तर वेगळी व्यवस्था लागते. ती व्यवस्था वेल्सच्या कोळसा कामगारांनी उभी केली.

दक्षिण वेल्स म्हणजे अरुंद दऱ्यांचा मुलूख. दरीत कोळशाची खाण, खाणीभोवती उतारावर कामगारांच्या घरांच्या रांगा, मध्ये प्रार्थनामंदिर. तेथील रविवारच्या धर्मशाळांतून लहानथोरांना वाचनाची सवय लागलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वस्त्यांतून 'वर्कमेन्स इन्स्टिट्यूट' नावाची कामगारभवने उभी राहू लागली. त्यांचा पैसा कामगारांच्या पगारातून आठवड्याला कापल्या जाणाऱ्या पेन्सांचा. इमारतीत सभागृह, बिलियर्डचे टेबल, वर्तमानपत्रांची खोली आणि ग्रंथालय असे. १९२० साली तेथे कायदा झाला आणि खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी कामगार कल्याणासाठी वसूल होऊ लागली. त्या निधीचाही या भवनांना आधार मिळाला. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्यात अशी शंभराहून अधिक ग्रंथालये होती आणि प्रत्येकी सरासरी तीन हजारांच्या आसपास पुस्तके होती. कामगारांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या निवडीने उभारलेला असा ग्रंथालयांचा पसारा जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

'स्वतःच्या निवडीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोणती पुस्तके आणावी हे ठरवणारी समिती कामगारांचीच असे. तिच्यावर बसणाऱ्याला वक्तृत्व लागत नसे, वाचन लागे. संघटनेच्या सभेत ज्याचा आवाज कधी ऐकू आला नाही, असा मनुष्य येथे यादीत एक नाव लिही आणि त्याच्या एका ओळीने त्या दरीत एक नवे पुस्तक येई. ते कपाटात लागले की त्याचे काम संपले. पुढे त्या पुस्तकाने आपला वाचक शोधायचा. शिफारस केली हे कोणाला सांगावे लागत नसे, आणि ती मान्य केली हेही कोणाला कळवावे लागत नसे. भिडस्त स्वभावाच्या दोन माणसांत याहून सोयीचा संवाद कोणता?

याच काळात लंडनमध्ये एक निराळा प्रयोग झाला. व्हिक्टर गोलांझ या प्रकाशकाने १९३६ साली 'लेफ्ट बुक क्लब' काढला. गोलांझ, जॉन स्ट्रेची आणि हॅरोल्ड लास्की हे तिघे दर महिन्याला एक पुस्तक निवडीत आणि ते सभासदांना अडीच शिलिंगांत मिळे. १९३९ च्या सुमारास सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. त्या क्लबने चांगले काम केले. फॅसिझमचे संकट दाराशी उभे असताना त्याने सामान्य माणसाला जागे केले. वेल्समधील बी. एल. कूम्ब्ज या खाण कामगाराचे आत्मकथन त्यानेच १९३९ साली घरोघर पोहोचवले. तरीपण निवड करणारे तिघे विद्वान आणि वाचणारे हजारो, ही रचना शाळेची आहे. गुरुजींनी सांगितले आणि मुलांनी वाचले. हवानात बहुमत निवडीत होते, लंडनमध्ये पंडित निवडीत होते. वेल्सच्या कपाटापुढे उभा राहणारा खाण कामगार तेवढा आपले आपण निवडीत होता आणि शेजाऱ्याने ठेवलेली खूण ओळखीत होता.

या ग्रंथालयांतून वर आलेला सर्वांत प्रसिद्ध वाचक म्हणजे अन्यूरिन बेव्हन. १८९७ साली ट्रेडेगर गावी खाण कामगाराच्या घरी त्याचा जन्म झाला. लहानपणी तो तोतरा बोले. शाळेत त्याचे मन रमले नाही; तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो खाणीत उतरला. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला पुस्तकाची सोबत बरी वाटते, कारण ते त्याचे वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत ताटकळत नाही. बेव्हन ट्रेडेगरच्या कामगार ग्रंथालयात रमला. आधी साहसकथा, मग जॅक लंडन, मग अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान असा त्याचा प्रवास झाला. जो शब्द जिभेवर अडे त्याच्या जागी दुसरा समानार्थी शब्द योजता यावा म्हणून त्याने शब्दकोश पालथे घातले. त्याच्या पुढील वक्तृत्वातील शब्दसंपत्तीचे मूळ येथे आहे. त्याच ग्रंथालयाच्या समितीवर पुढे त्याने काम केले. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'इन प्लेस ऑफ फिअर' या पुस्तकात त्याने या ऋणाचा उल्लेख केला आहे. खाण कामगारांच्या पेन्यांतून ते ग्रंथालय उभे राहिले आणि स्वतःच्या बळावर शिकलेल्या मूठभर खाण कामगारांनी त्याला गुणवत्ता दिली, असा त्याचा आशय आहे.

त्याचे वडील कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने १९२५ साली वारले. नुकसानभरपाई मिळाली नाही. १९२९ साली बेव्हन पार्लमेंटात गेला, १९४५ साली आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. ट्रेडेगरमध्ये कामगारांच्या वर्गणीवर चालणारी एक वैद्यकीय मदत संस्था होती. तिचाच नमुना त्याच्या डोळ्यांपुढे होता.

ही कथा आम्हा चळवळीतल्या लोकांना फार प्रिय आहे. तोतरा मुलगा पुस्तके वाचून मंत्री झाला, असे सांगितले की टाळ्या पडतात. परंतु ही कथा सांगताना एक गोष्ट निसटते. त्या ग्रंथालयातून पुस्तके नेणारे हजारो होते आणि मंत्री एकच झाला. बाकीचे खाणीतच राहिले, अबोलच राहिले. त्यांचे वाचन वाया गेले काय? बेव्हनच्या हाती जी पुस्तके पडली ती कपाटात कोणी ठेवली होती? तीही अशाच माणसांनी. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या निवडीवाचून बेव्हनची कथा उभीच राहत नाही.

या निनावी माणसांचा एक पुरावा मात्र शिल्लक आहे. तो म्हणजे देवघेवीच्या वह्या. काही ग्रंथालयांच्या वह्या वाचल्या आणि अभ्यासकांनी त्या तपासल्या. त्यांतून जे दिसले ते आमच्यासारख्यांना थोडे अडचणीचे आहे. व्यासपीठावरून आम्ही सांगत आलो, की वेल्सचा खाण कामगार मार्क्स वाचीत होता. वाचीत होताच, पण थोडा. वह्यांत भरणा आहे तो कथाकादंबऱ्यांचा. कौटुंबिक आणि अश्रूंच्या कादंबऱ्या, साहसकथा, प्रवास. दिवसभर जमिनीखाली अंधारात वाकून काम करणाऱ्या माणसाने रात्री दूरच्या समुद्राची गोष्ट वाचावी यात आश्चर्य कसले? आश्चर्य याचे, की त्याचे पुढारी त्याच्याविषयी इतके बोलले आणि त्याला काय आवडते हे त्याला कोणी विचारले नाही. त्याने ते वहीत लिहून ठेवले होते. मुक्या माणसाचे मत ऐकायचे तर असे ऐकावे लागते.

१९२६ साली इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, परंतु खाण कामगार त्यानंतर कित्येक महिने टाळेबंदीत होते. पगार नाही म्हणजे पगारातून कापला जाणारा पेनीही नाही. नवी पुस्तके घेण्यास पैसा उरला नाही, आणि रिकामपण तर हवे तितके. होती तीच पुस्तके हातोहात फिरली. पुढच्या दशकातील बेकारीतही तसेच झाले. पोट रिकामे असताना मनुष्य वाचतो काय, असे विचारणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा.

शेवटही सांगितला पाहिजे. १९४७ साली खाणी सरकारी झाल्या. सरकारी सार्वजनिक ग्रंथालये वाढली, घरोघर दूरचित्रवाणी आली, आणि १९६० नंतर एकामागून एक खाणी बंद पडू लागल्या. खाणीबरोबर भवन बंद, भवनाबरोबर ग्रंथालय. कितीतरी पुस्तके जुन्या बाजारात गेली किंवा रद्दीत गेली. काही जाणत्या माणसांनी धावपळ करून उरलेली गोळा केली आणि १९७३ साली स्वान्सी येथे 'साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी' स्थापन झाली. ज्या कपाटांनी कामगार घडवले त्यांचे अवशेष आज तेथे पाहायला मिळतात.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. हेच जोशी १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक. लीगने रात्रीच्या शाळा काढल्या, वाचनालये काढली आणि कामगारवस्तीत फिरती वाचनालये चालवली. कामगार वाचनालयाकडे येत नसेल तर पुस्तकांनी त्याच्या चाळीत जावे, ही त्यामागील कल्पना. ज्याला वाचनालयाच्या पायऱ्या चढण्याचाही संकोच वाटतो, त्याची ही केवढी सोय! त्याच सुमारास बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत पाठवल्या.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून एक हकीकत सांगतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक. त्यांनी तुकारामाचे चरित्र लिहिले, शिवाजी महाराजांचे लिहिले, आणि बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी गौतम बुद्धाचे लिहिले. चर्नी रोडच्या बागेत ते वाचीत बसत. तेथे एक शाळकरी मुलगाही एकटाच येऊन वाचीत बसे. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके देऊ लागले, आणि पुढे त्या मुलाच्या सत्काराच्या सभेत आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांनी बुद्धावरील आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत या भेटीची आठवण नोंदवली आहे. बागेतील एका बाकावर सुरू झालेली ही देवघेव १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांपर्यंत पोहोचली. एकाने दुसऱ्याला पुस्तक दिले, एवढीच मूळ घटना. ज्या समाजात तहानेल्या मुलाला पाणी द्यायला लोक तयार नव्हते, तेथे ती किती मोठी होती हे वेगळे सांगायला नको.

पुस्तक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे राज्यकर्त्यांनी कधीच मानले नाही. हवानात बंदी आली. आपल्याकडे १९२९ साली मीरतचा खटला भरला तेव्हा कामगार पुढाऱ्यांच्या घरांतून जप्त केलेली पुस्तके आणि पत्रे पुराव्यात आली. सरकारला जे कळते ते आम्हा कार्यकर्त्यांना कधी कधी कळत नाही. आम्ही सभेचा मंडप मोठा बांधतो, ध्वनिक्षेपक मोठा लावतो, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधत बसतो.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या गेल्या, आणि गिरणगावचे चाळींतले जीवनही विसकटले. आज कामगार एका जागी तीस वर्षे राहत नाही. कंत्राट संपले की कारखाना बदलतो, पाळी बदलते, खोली बदलते. शेजारच्या यंत्रावर कोण आहे याची नीट ओळख होण्याआधी तो निघून जातो. अशा काळात बोलका मनुष्य कसातरी निभावतो. चार दिवसांत चार मित्र जोडतो. अबोल माणसाचे तसे नसते. त्याला ओळख व्हायला वर्षे लागतात, आणि आता कोणाजवळ वर्षे नाहीत. त्याचे एकटेपण पूर्वीपेक्षा अधिक आहे. या माणसाला संघटनेत जागा करून द्यायची, तर त्याला व्यासपीठावर ढकलून भागणार नाही. तो ज्या रीतीने बोलतो ती रीत आपण शिकली पाहिजे.

म्हणून आजच्या श्रोत्यांत जे कोणी युनियनचे, मंडळाचे, पतपेढीचे किंवा सोसायटीचे पदाधिकारी असतील त्यांना माझी एक सूचना आहे. खर्चाची नाही. कचेरीच्या कोपऱ्यात एक कपाट ठेवा आणि त्याला कुलूप लावू नका. पुस्तके सभासदांनाच आणू द्या. कादंबरी आली म्हणून नाक मुरडू नका. कपाटावर देवघेवीची एक वही दोरीने बांधून ठेवा. तीत नावाचा आणि तारखेचा रकाना असतोच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यावर 'पुढच्या वाचकासाठी' असे लिहा. सक्ती करू नका. पहिले काही महिने तो कोराच राहील. मग एक दिवस कोणीतरी त्यात दोन शब्द लिहील. त्याने सभेत आजवर कधी तोंड उघडलेले नसेल. ते दोन शब्द नीट वाचा आणि ते पुस्तक घरी घेऊन जा.